टीबी, तीन किलोमीटर आणि दारावरचा फ्लेक्स

"तिचं ताट येगळं ठेवजो, सुनंदा. पन तिले समजू नोको देऊ."

आईचा आवाज स्वयंपाकघरातून आला. मी अकोल्याला मावशीच्या घरी, बाहेरच्या खोलीत दिवाणावर डोळे मिटून पडले होते. दोघींना वाटलं मला झोप लागली. सुनंदा म्हणजे मावशी. पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला, मग स्टीलचा, आणि आई म्हणाली, "हे घरूनच आनलं मी. तिच्याच नावाचं हाय. तिले काई वाटनार नाई."

कोणतं ताट ते मला न बघताच कळलं. माझ्या बारशाला मामानं दिलेलं. काठावर बारीक ठिपक्यांनी कोरलंय, 'कु. केतकी, मामाकडून'. लहानपणी मी त्याच ताटात जेवायचा हट्ट करायचे, दुसऱ्या कुणी घेतलं तर रडायचे. आईनं ते लक्षात ठेवलं होतं. मला वेगळंही काढायचं आणि मला तो लाडही वाटावा, अशी तिनं सोय केली होती.

आई माझ्याशी अशी बोलत नाही. मला इंग्रजी शाळेत घातलं तेव्हाच घरात ठरलं की पोरीसमोर 'शुद्ध' बोलायचं. आईची वऱ्हाडी फक्त बहिणीसाठी, भाजीवालीसाठी आणि भांडणासाठी. त्यामुळे आमच्या घरातलं जे खरं असतं ते मला कायम दुसऱ्या खोलीतून ऐकू येतं.

ज्यांच्या घरात आत्ता एखादं ताट वेगळं झालंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. बोलणं मला जमत नाही.

राजापेठ

बाबांचे गणिताचे क्लासेस आहेत. अमरावतीत राजापेठेतल्या आमच्या घराची पुढची खोली म्हणजे क्लास, मागच्या दोन म्हणजे घर. सकाळ-संध्याकाळ दारापुढे सायकली आणि स्कूटी. मी आतल्या खोलीत बसून एका कंपनीचं काम करायचे, ग्राहकांच्या तक्रारींना टाइप करून उत्तरं द्यायची. दिवसभर कुणाशी एक शब्द न बोलता होणारं काम. मला तेच हवं होतं.

मग संध्याकाळी अंग गरम व्हायला लागलं. फार नाही, हात लावला तर कळेल इतकंच. उजव्या कुशीत श्वासागणिक टोचायचं. कपडे वाळत घालायला गच्चीवर निघाले की चार पायऱ्यांत दम. आई म्हणाली, दिवसभर खुर्चीत बसून असतेस. बाबा म्हणाले, "स्टॅमिनाच नाही तुझा. सकाळी उठून जरा पळत जा." गल्लीतल्या डॉक्टरांनी खोकल्याचं औषध दिलं. मला खोकला फारसा नव्हताच, पण आई आणि डॉक्टर बोलत होते आणि मी मध्ये बोलले नाही.

कुर्ते ढगळ व्हायला लागले तेव्हा एक्स-रे काढला. उजवीकडचं फुप्फुस खालच्या बाजूनं पांढरं दिसत होतं, भिंतीला ओल चढावी तसं. मोठ्या दवाखान्यात मला उलटं टेबलाकडे तोंड करून बसवलं, उशीवर डोकं टेकायला लावलं आणि पाठीतून पाणी काढलं. सिस्टर म्हणाली, "हलू नको बेटा, श्वास धरून ठेव." मी हलले नाही. न हलणं, न बोलणं मला शाळेपासून येतं. बाटलीत जे जमा होत होतं त्याचा रंग लिंबू सरबतासारखा होता. मला आजही ते सरबत पिववत नाही.

रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टर सरळ म्हणाले, "टीबी आहे. फुप्फुसाभोवती पाणी झालंय. रोज गोळ्या घ्यायच्या, एक दिवस चुकवायचा नाही. बरी होणार ही."

आई खाली बघत होती. बाबांनी विचारलं, "डॉक्टर, हे नाव फाइलवर लिहावंच लागतं का?"

"लिहावं लागतं, वर कळवावंही लागतं. पण हिचा जो प्रकार आहे तो हिच्यापासून दुसऱ्याला सहसा होत नाही. तुम्ही दोघं तपासून घ्या. ताट-वाटी वेगळी करायचं काही कारण नाही."

आईनं मान हलवली. दोन-तीन वेळा हलवली.

जिन्यात बाबा कठड्याला धरून थांबले. मला वाटलं त्यांना चक्कर आली. ते म्हणाले, "डॉक्टरले माहीत आहे लागत नाही म्हणून. लोकांले माहीत आहे का?" बाबाही कधी नव्हे ते वऱ्हाडीत बोलले, यावरून मला कळलं की प्रकरण गंभीर आहे. "लोकं आपली पोरं माझ्या घरात पाठवतात. एका मायनं नाव काढलं की झालं. खोली रिकामी."

मला त्यांचा राग आला नाही. रिकामी खोली मलाही दिसली. घरात दुसरं काही येत नव्हतं, माझा पगार सोडला तर, आणि तो आता थांबणार होता.

वॉर्ड

वॉर्डात काही दिवस काढले. पहाटे झाडूचा आवाज, मग फिनाइल, मग ताप बघणारी सिस्टर, मग चहा. चहावरची साय आई बोटानं काढून टाकायची. डॉक्टर येऊन गेले की दिवस संपल्यासारखा वाटायचा, खरं तर तेव्हा कुठे सकाळचे दहा वाजलेले असायचे.

शेजारच्या खाटेवर गावाकडच्या एक आजी होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "काय झालं वं पोरीले?"

"निमोनिया," आई म्हणाली. तिच्या तोंडून तो शब्द इतका पटकन आला की मला वाटलं तिनं घरूनच पाठ करून आणला होता.

"आस्सं," आजी म्हणाल्या. "मले टीबी हाय."

आईनं माझ्या खाटेचा पडदा ओढला. पडद्यापलीकडून आजी हसल्या. नंतर दुपारी, आई खाली डबा आणायला गेली तेव्हा, पडद्याखालून एक संत्रं सरकत आलं. मी ते घेतलं. सालं कुठे टाकायची हा प्रश्न होता, आईला दिसली असती. ती मी उशीच्या खोळीत ठेवली, आणि दोन दिवस उशीला तो वास होता. त्या वॉर्डातलं मला आवडलेलं तेवढंच.

पहिल्या गोळीनंतर लघवी केशरी झाली. सिस्टरनं आधी सांगितलं होतं, तरी संडासात मी भिंत धरून उभी राहिले. तुम्हालाही होईल. घाबरू नका म्हणणार नाही, घाबराल. पण ते रक्त नसतं.

बाबा रोज यायचे, खुर्चीत बसायचे, पेपर तपासायचे. एकदा तपासता तपासताच म्हणाले, "अकोल्याला जा काही दिवस. इथं सगळ्यांना सांगितलंय, तुला तिकडे नोकरी लागली."

अकोला

मावशी आईपेक्षा मोठ्यानं बोलते आणि मोठ्यानं हसते. काका फुलांचे व्यापारी. अकोटच्या बाजूच्या मळ्यांतून शेवंती, झेंडू येतो, तो पहाटे बाजारात पोचवायचा. घरभर ओल्या गोणपाटाचा आणि झेंडूचा वास. गोळ्यांनी मला मळमळायचं तेव्हा तो वास सहन होत नसे, फोडणीचाही नाही. मी नाकाला ओढणी लावून बसायचे. मावशीला वाटायचं मी तिच्यासाठी काळजी घेतेय. म्हणायची, "किती समजदार हाय माही पोरगी."

ताट वेगळ्या फळीवर असायचं. एकटंच, उभं, भिंतीला टेकून. धुणंही वेगळं व्हायचं, सगळ्यात शेवटी. मी कधी विचारलं नाही. रोज जेवताना अंगठ्याखाली माझं नाव लागायचं.

पण तीच मावशी संध्याकाळी ताप चढला की माझे पाय मांडीवर घेऊन तळव्यांना तेल चोळायची. माझा घाम पदरानं पुसायची आणि त्याच पदरानं स्वतःचंही तोंड. तिच्या मनात ताटातून रोग जात होता आणि पदरातून जात नव्हता. मला तिचं गणित कळलं नाही. ते सांगून मोडावं असंही वाटलं नाही, कारण मग ती पाय मांडीवर घ्यायची थांबली असती.

आई पंधरवड्यातून एकदा येऊन जायची. बाबा फोनवर "औषध?" विचारायचे, मी "घेतलं" म्हणायचे. झालं बोलणं.

नाव नोंदणी

एक दिवस मोबाइलवर एक जाहिरात दिसली. 'व्हर्च्युअल फन रन'. टीबीच्या रुग्णांना सकस आहाराची पाकिटं देण्यासाठी. नवख्यांसाठी तीन किलोमीटर. एका ठिकाणी जमायचं नाही. ठरलेल्या आठवड्यात, आपापल्या गावात, आपल्याला जमेल तेव्हा धावायचं किंवा चालायचं. अंतर मोबाइल मोजणार. पूर्ण केलं की मेडल कुरिअरनं घरी.

मी आयुष्यात कधी धावले नव्हते. शाळेच्या स्पोर्ट्स डेला मी पाण्याच्या ड्रमजवळ उभी असायचे. पण ह्या धावण्यात कुणी बघणार नव्हतं, आणि ते टीबीसाठी होतं. माझं नाव आणि तो शब्द एकाच ठिकाणी लिहिता येईल अशी ती एकच जागा मला दिसली. नोंदणीत विचारलं होतं, तुम्ही कोण: रुग्ण, बरे झालेले, की मदतीसाठी धावणारे? मी 'रुग्ण' वर बोट ठेवलं. पडद्याला काय, तो कुणाला सांगणार नव्हता.

डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, "ताप नसेल त्या दिवशी चाला. दम लागला की थांबायचं. हिरोगिरी नको."

मग सकाळी मावशीच्या कॉलनीतल्या रस्त्यावर सुरुवात केली. एका विजेच्या खांबापासून दुसऱ्यापर्यंत चालायचं, मग एक खांब पळायचं. पहिल्या दिवशी तो एक खांब झाल्यावर मी कुणाच्या तरी कंपाउंडला धरून उभी राहिले आणि डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचत होते.

मावशी ओट्यावरून ओरडली, "कावून पयून राहिली वं माय? कोनी मांगं लागलं का?"

"व्यायाम आहे मावशी."

"अंगावर मास नाई अन् व्यायाम करते! हाडकं पातय करून घे अजून."

पण दुसऱ्या दिवशी ती चपला घालून माझ्याबरोबर निघाली. माझा पळायचा खांब आला की ती कमरेवर हात ठेवून थांबायची आणि आल्या-गेल्याला सांगायची, "भाची हाय माही. अमरावतीची. नोकरीले हाय इथं." कुणी विचारलेलं नसताना.

हळूहळू दोन खांब झाले, मग तीन. कुशीतली कळ यायची, पण ती आधीची नव्हती, नवी होती. आजारी माणसाला कळांमधला फरक कळायला लागतो.

मग ते बिघडलं. जेवण बघितलं की उलटी, डोळे पिवळे. गोळ्यांचा लिव्हरवर परिणाम झाला होता. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या, रक्त तपासलं, मग एकेक करून पुन्हा सुरू केल्या. ते दिवस ह्या सगळ्यातले सर्वांत वाईट. आजारासाठी औषध आहे हे मी धरून होते, आणि आता औषधच सोसत नव्हतं. एका दुपारी मावशीला फोनवर आईशी बोलताना ऐकलं, "जेवत नाई, बोलत नाई. भिताडाकडं तोंड करून पडून राह्यते. मले तं भेव लागून राहिलं बाई." पलीकडून आईच्या रडण्याचा आवाज इतका बारीक येत होता की मला वाटलं फोन खराब आहे.

मी भिंतीकडे तोंड करून विचार करत होते की मी गेले तर बाबा लोकांना काय सांगतील. नोकरीच्या गावी गेली, निमोनिया झाला. माझं मरणसुद्धा दुसऱ्याच आजाराच्या नावावर लागलं असतं.

तीन किलोमीटर

गोळ्या पुन्हा सोसायला लागल्या. डोळ्यांचा पिवळेपणा गेला. धावायचा आठवडा आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "चालत करा. पळालात थोडं तरी चालेल, पण चालत करा."

सकाळी निघाले. छातीवर लावायचा नंबर मोबाइलवर आला होता, त्यावर 'मी टीबीची रुग्ण आहे, मी धावते' असं इंग्रजीत होतं. तो छापायला झेरॉक्सच्या दुकानात द्यावा लागला असता. नाही छापला. मावशी आज आली नाही, तिचा गुडघा दुखत होता. चार खजूर हातात कोंबून म्हणाली, "चक्कर आली तं खाली बसजो. लाजू नोको."

रस्त्यावर रोजचंच होतं. दूधवाले, शिकवणीला निघालेल्या मुली, रस्त्याकडेला गोणपाटावर मेथी मांडणारी बाई. मोबाइलमधली बाई मधूनच इंग्रजीत शाबासकी द्यायची, कानात, एखाद्या आनंदी विमानतळावरून बोलल्यासारखी. मी चालत होते. मध्येच एक खांब पळायचे. पहिला किलोमीटर बरा गेला. दुसऱ्यात घशात कडू आलं आणि मी एका शटर बंद असलेल्या दुकानाच्या पायरीवर बसले. खजूर खाल्ला. समोर मेथीवाली होती, जुड्यांवर पाणी शिंपडत. तिनं बघितलं, काही विचारलं नाही, आणि तिचा पाण्याचा तांब्या पुढे केला.

मी घेतला नाही. मान हलवली. तिला वाटलं असेल, शहरातली पोरगी, हिला माझं पाणी चालत नाही. तिनं तांब्या मागे घेतला. पुढचा अख्खा रस्ता मला ते खुपत राहिलं. माझ्यापासून तिला काही होणार नाही हे मला माहीत होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि तरी मीही त्या तांब्याकडे माझ्या आईच्या नजरेनं बघितलं होतं.

शेवटचे दोन खांब मी पळाले. मोबाइल थरथरला, पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उडाले. आजूबाजूला कोणी नव्हतं. टाळ्या नव्हत्या. एक कुत्रं उठून बाजूला जाऊन बसलं. आधी वाटलं होतं, हेच तर हवं होतं. पण तिथं उभी असताना कुणाला तरी सांगावंसं इतकं वाटलं की मी पडद्याचा फोटो काढून बाबांना पाठवला. त्यात सगळं होतं: माझं नाव, अंतर, टीबीचं लाल चिन्ह, 'रुग्ण'.

बाबांचं उत्तर आलं, "व्हेरी गुड. रँक?"

"रँक नसते बाबा," मी लिहिलं.

दुपारी जेवायला बसले. मावशी समोर बसून तिच्या ताटात भाकरी मोडत होती. बोलता बोलता तिनं हात लांब करून माझ्या ताटातला ठेचा बोटावर घेतला आणि तोंडात टाकला. मग थांबली. मीही थांबले. दोघी एकमेकींकडे बघत होतो.

"खारट झाला," ती म्हणाली, आणि पुन्हा घेतला.

त्या दिवसापासून ते ताट बाकीच्या ताटांत मिसळलं. 

फ्लेक्स

औषधं पूर्ण झाली. डॉक्टरांनी "संपलं" म्हटलं तेव्हा मला रडू येईल असं वाटलं होतं, पण भूक लागली. मेडल आधीच अमरावतीच्या पत्त्यावर गेलं होतं. आई फोनवर म्हणाली होती, ते गळ्यात घातलेला तुझा एक फोटो हवाय, तेव्हा मी म्हणाले, मेडल तर तुमच्याकडेच आहे. पुढच्या खेपेला ती ते घेऊन आली, फोटो काढला आणि मेडल परत घेऊन गेली. मला ते जरा विचित्र वाटलं होतं.

एसटीतून उतरून बॅग घेऊन घराच्या वळणावर आले आणि थांबले. क्लासच्या दारावर दरवर्षी दहावीच्या पोरांचा फ्लेक्स असतो. टक्के, फोटो, खाली हात जोडलेले बाबा. तिथं मी होते. दाराएवढी. 'हार्दिक अभिनंदन! राष्ट्रीय स्तरावरील धाव स्पर्धेत घवघवीत यश. सरांची कन्या कु. केतकी.' गळ्यात मेडल. मेडलवरचं लाल चिन्ह आणि खालची अक्षरं एका गोंड्याच्या चित्रानं झाकली होती. एका कोपऱ्यात, 'प्रवेश सुरू'.

बाबा बाहेर आले. "कसा झाला?" त्यांचा चेहरा खरोखर उजळला होता. एवढ्या महिन्यांत तसा पाहिला नव्हता.

"बाबा, ती स्पर्धा नव्हती."

"ते कोणाला माहीत आहे?" मग आवाज उतरवून म्हणाले, "बारीक झालीस ना बेटा. लोक विचारतील. आता सांगता येते, धावते म्हणून."

मी आत गेले. आईनं बॅगेतून ताट काढलं, घासलं, पुसलं आणि रॅकमध्ये न ठेवता खिडकीत उभं केलं. "राहू दे काही दिवस," ती म्हणाली, माझ्याकडे न बघता, शुद्ध मराठीत.

पालकसभा

त्या रविवारी क्लासमध्ये पालकसभा होती. शेवटी बाबांनी मला पुढे बोलावलं आणि एका पालकाच्या हातून शाल आणि नारळ दिला. टाळ्या वाजल्या. ह्या टाळ्या भरगच्च होत्या. "दोन शब्द बोल बेटा." मी "थँक्यू" म्हणाले. लोक हसले, चांगल्या मनानं. सरांची मुलगी लाजाळू आहे, सगळ्यांना माहीत आहे.

चहाच्या वेळी एक बाई माझ्याकडे आल्या. रोहिणीची आई. रोहिणी नववीतली, त्यांच्या मागे उभी होती, भिंतीला टेकून. इतक्या गर्दीत ती एकटीच टेकून उभी होती.

"ताई, तुमी काय खाता ओ? इतकं पयता कशा?" त्यांनी विचारलं. "आमच्या रोहिणीले तं दोन पायऱ्या चढली का दम लागते. संध्याकाई अंग गरम राह्यते. कुशीत दुखते म्हनते. डाक्टरनं खोकल्याचं औषध देल्लं, काई फरक नाई. तुमचा फोटो पाह्यला अन् मी म्हनलं, हिलेही उद्यापासून पहाटे उठवून पयाले लावतो. स्टॅमिनाच नाई पोट्टीचा."

रोहिणीनं माझ्याकडे बघितलं. तिची मनगटं मी बघितली. घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकात होता आणि तरी फिरत होता.

बाबा शेजारीच होते, हातात चहाचा कप. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते म्हणाले, "हो, हो, व्यायाम तर चांगलाच असतो." पण त्यांचा आवाज जिन्यातल्या दिवसासारखा झाला होता. ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांची मान अगदी थोडी, नकारार्थी हलत होती.

काय होईल ते मला दिसत होतं. ही बाई म्हणेल, इथूनच लागला. मी तर महिनोन्महिने इथं नव्हते, आणि माझ्यापासून लागणाराही नव्हता, पण ते ऐकायला कोण थांबणार? उद्या दारापुढे सायकली कमी असतील. परवा आणखी कमी. फ्लेक्स उतरवावा लागेल. बाबा माझ्याशी किती दिवस बोलणार नाहीत, ते सांगता येत नव्हतं. आणि कदाचित रोहिणीला काहीच नसेल, साधी अशक्तपणाची गोष्ट असेल.

पण उद्या पहाटे ही मुलगी माझ्या फोटोमुळे पळायला लागणार होती. कंपाउंडला धरून उभी राहणार होती. आणि बोलणार नव्हती, कारण तिची आई आणि डॉक्टर बोलत असतील.

खोलीत बऱ्याच बाया होत्या. मी शाल काढून खुर्चीवर ठेवली.  मला वाटलं माझा आवाज निघणार नाही, आणि निघाला तेव्हा तो मी ज्या भाषेत कधी बोलत नाही त्या भाषेत निघाला, आईच्या, दुसऱ्या खोलीतल्या, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा मोठ्यानं:

"काकू, तिले पयाले नोका लावू. मलेही अस्संच होत होतं. मले टीबी झाला होता. उद्या सकाळी हिले दवाखान्यात नेऊ, मी येतो तुमच्यासंगं."